बाळा मेस्त्रीनं घातलेलं गाऱ्हाणं

बाळा मेस्त्रीचा आवाज जिन्यावर ऐकू आला रे आला, की सुगंधाचे बाबा टमरेल उचलून संडासाकडे धूम ठोकायचे. सकाळ असो, दुपार असो, पोटात काही असो नसो! शेजारच्या म्हाताऱ्या दाजींनी एकदा काळजीनं विचारलंसुद्धा, "रुक्मिणी, विश्रामाक कसलां दुखणां लागलां गो?"

"तेंका बाळा लागलो हा," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

आणि गंमत बघा, हाच बाळा मेस्त्री मैदानात उतरला की त्याच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं बोंबलणारा माणूस म्हणजे विश्राम राणेच. घाटकोपरच्या भटवाडीतली परबांची चाळ म्हणजे सगळी कोकणातली मंडळी, त्यातले निम्मे बाप्ये कुर्ल्याच्या एका गिरणीत. बाळाही तिथलाच. नाव कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यात, पगारही फोल्डिंग खात्याचा, पण मिळायचा तो फुटबॉल खेळल्याबद्दल. गिरणीच्या टीमचा लेफ्ट-बॅक! समोरून कितीही दांडगा गडी येवो, बाळा आडवा पडला की चेंडू एकीकडे आणि गडी दुसरीकडे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो अनवाणीच खेळायचा. मग बूट सक्तीचे झाले, आणि तेव्हापासून शेवटची शिट्टी वाजली की बूट काढून गळ्यात अडकवायचे हे त्याचं पहिलं काम. असे बूट लोंबकळवत तो गल्लीत शिरला की मागे पोरं, आणि पोरांच्या मागे गल्लीतली कुत्री.

असा माणूस दारात आल्यावर कोणी पळून का जावं? तर बाळाला एक खोड होती. तो पोरांच्या शाळेबद्दल विचारायचा.

सकाळी सराव, दुपारी गिरणीत तोंड दाखवायचं, आणि चार वाजले की गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळाच्या मांडवात बाळाचा वर्ग भरायचा. चाळीतली झाडून सगळी पोरं तिथं. स्वतः बाळा तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेला, त्यामुळे नापास होण्यातलं सगळं त्याला माहीत होतं आणि तो कोणाला हसायचा नाही. त्याचा भूगोल तर काय सांगावा! "कलकत्ता कुठं रे?" असं विचारून तोच उत्तर द्यायचा, "जिथं आम्ही चार गोल खाल्ले ते. आणि हैदराबाद?" मग पोरं एका सुरात, "जिथं तीन खाल्ले ते!" बाळाच्या टीमनं जिथं जिथं मार खाल्ला, तेवढा हिंदुस्थान चाळीतल्या पोरांना तोंडपाठ होता.

बाळानं बापांच्या मागे लागून लागून चाळीतले बरेच मुलगे हायस्कुलात घातले होते. पण मुलगी? एकही नाही. सातवीची फायनल झाली की मुलींची शाळा संपली, हे इतकं ठरलेलं की त्यावर कोणी बोलायचंसुद्धा नाही. यंदा सुगंधा फायनलला सगळ्या शाळेत पहिली आली होती. म्हणून बाळा रोज जिना चढत होता आणि विश्राम राणे रोज टमरेल उचलत होते.

सुगंधानं ते हायस्कूल एकदाच पाहिलं होतं, स्टेशनाच्या पलीकडे, शाळेतल्या उत्तराबाईंबरोबर स्कॉलरशिपच्या परीक्षेला गेली तेव्हा. पिवळ्या भिंती, काचेची कपाटं, कपाटात बरण्या. पण तिच्या मनात राहिलं ते वेगळंच. मधल्या सुट्टीत तिथल्या मोठ्या मोठ्या मुली जिन्यात उभ्या राहून खदाखदा हसत होत्या, आणि कोणीही येऊन त्यांना 'हळू गं' म्हणत नव्हतं. सुगंधाला तेव्हापासून तिथंच जायचं होतं. बस्स, तिथंच.

पण घरात खाणावळ होती ना! एकटे राहणारे गिरणीतले गडी राण्यांकडे जेवायचे. पहिल्या पाळीचे डबे पहाटे जायचे, आणि दुसऱ्या पाळीची माणसं दुपारी पानावर बसायची. सातवीपर्यंतची शाळा सकाळची होती म्हणून भागलं, पण हायस्कुलाची वेळ नेमकी दुसऱ्या पाळीच्या भाकऱ्यांची. बाबांनी आईला एकदा हळू आवाजात म्हटलेलं सुगंधानं ऐकलं होतं, "शिकवूक माका काय नको आसा? पण सुगंधा शाळेत गेलां तर भाकऱ्यो कोण भाजतलो?" आई आपलं उजवं मनगट चोळत बसली होती.

तर अशातच मे महिन्यात बाळाची टीम कामगारांच्या शील्डच्या फायनलला पोचली. रविवारी सामना, कूपरेजवर, गोदीवाल्यांशी! शनिवारी संध्याकाळी सगळी चाळ, दुसऱ्या पाळीवालेसुद्धा रजा टाकून, मारुतीच्या देवळात गाऱ्हाणं घालायला जमली.

गाऱ्हाणं म्हणजे कोकणी माणसाचं देवाशी बोलणं. एकानं पुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मागायचं, आणि त्यानं जरा दम घेतला की बाकीच्यांनी ओरडायचं, 'व्हय म्हाराजा!' लहानपणापासून इतकी सवय, की पुढचा काय मागतोय इकडे कोणाचं लक्षच नसतं. तो थांबला की तोंडातून आपोआप 'व्हय म्हाराजा' बाहेर पडतं, शिंक यावी तसं.

गाऱ्हाणं नेहमी दाजी घालायचे, पण त्या दिवशी दाजींचा घसा बसलेला. ते खाकरत म्हणाले, "बाळा, आज तूच घाल रे. खेळतलो तू, मागणां पण तुझांच."

बाळा पुढे झाला. हात जोडले. सुगंधा बायकांच्या घोळक्यात आईला टेकून उभी होती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही तुझी लेकरां हंयसर जमली हत, तेंका सुखात ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नदर पडली आसात, तर ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" विश्राम राण्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"उद्या जी काय आमची म्याच आसा, तेच्यात आमका यश दी!"

"व्हय म्हाराजा!!" देवळातली घंटा थरथरली.

"आणि आमका यश इला, तर ह्या चाळीतलो कोणय बाप आपल्या चेडवाक मॅट्रिक होयपर्यंत शाळेतसून काढूचो नाय!"

"व्हय म्हाराजा!!!"

कुणाच्या तरी हातातला नारळ फोडायचा तसाच राहिला. एकेका बापाच्या तोंडावर हळूहळू उजाडत गेलं, आपण हे काय म्हणून बसलो, मुलींच्या शाळेला व्हय! बायकांच्या घोळक्यात कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग पदर तोंडात कोंबूनही हसू थांबेना.

"बाळा!" विश्राम राणे किंचाळले. "फसवलंस तू आमका! देवासमोर!"

"मी मागितलं, काका," बाळा शांतपणे म्हणाला. "व्हय तुम्ही म्हटलंत. सगळ्यात मोठ्यानं."

"आम्ही म्याचीसाठी म्हटलां रे!"

"देवाला कसं कळणार, कुठलं व्हय कशासाठी?"

सगळे दाजींकडे वळले. दाजींनी बसलेल्या घशातून कसाबसा आवाज काढला, "देवाक व्हय म्हटलां. आता मागे येवचां नाय. जिंकलो तर चेडवां शाळेत." मग जरा थांबून, "आणि उद्या चेडवांक पण घेवन चला. तेंचीच म्याच आसा ती."

सुगंधा देवळापासून घरापर्यंत पळतच आली. एक सामना! बाळादानं एक सामना जिंकायचा, की पिवळ्या भिंती, काचेची कपाटं, सगळं आपलं!

रविवारी गिरणीच्या लॉरीतून पहिल्यांदाच बायका आणि मुली सामन्याला निघाल्या. नेहमी लॉरीच्या टपाजवळ उभं राहून ढोल बडवणारे विश्राम राणे आज कोपऱ्यात बसले होते. ढोल मांडीवर, हात ढोलाच्या खाली.

"काय विश्राम, आज खंयच्या बाजून?" कोणीतरी टोमणा मारला.

"तुझ्या आवशीच्या बाजून," ते गुरगुरले, आणि लॉरी हसून हसून वेडी झाली.

सामना सुरू झाला. गोदीवाले म्हणजे एकेक गडी असा, की पोत्यासारखा अंगावर यायचा. बाळा आडवा पडत होता, उठत होता, पुन्हा आडवा पडत होता. अर्ध्या वेळेच्या आधीच गोदीवाल्यांनी एक गोल केला. चाळीतल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. सुगंधानं हळूच बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा तर, पोटात दुखतंय पण सांगता येत नाही, तसा. ढोल गप्पच होता.

आणि मग दुसऱ्या अर्ध्यात बाळानं मागून एक लांबलचक किक मारली. अशी लांब, की चेंडू खाली यायचं विसरला असं वाटावं! तो आला तो नेमका आपल्या पुढच्या गड्याच्या डोक्यावर, आणि डोक्यावरून थेट गोलात.

धाड! धाड! धाड! ढोल वाजला!

विश्राम राणे उभे राहून बडवत होते. मध्येच त्यांना आठवलं. त्यांनी सुगंधाकडे पाहिलं, हात हवेत थांबले. आणि मग बाबांनी मान झटकली आणि पहिल्यापेक्षा जोरात ढोल बडवायला घेतला. ज्या गोलानं त्यांचीच पंचाईत होणार होती, त्याच गोलासाठी! सुगंधाला त्या क्षणी बाबा इतके आवडले, की ती बाकीच्यांबरोबर ओरडायचंसुद्धा विसरली.

पण सामना संपत आला होता तेव्हा गोदीवाल्यांचा एक गडी उजवीकडून आत घुसला. बाळा नेहमीसारखा आडवा पडला. चेंडू बाळाच्या बुटाला लागला, आणि असा काही वळला की आपल्याच गोलकीपरच्या बगलेतून आत गेला.

आपल्याच गोलात.

बाळा तिथंच मातीत बसला आणि बुटाचे बंद सोडू लागला. रेफरी धावत आला, बूट घाल म्हणाला. बाळानं बूट पुन्हा घातले, उठला, आणि शिट्टी होईपर्यंत वेड्यासारखा धावत राहिला. पण काही झालं नाही. शील्ड गोदीवाल्यांची.

परतताना लॉरी कुर्ल्याच्या पुढे आल्यावर शेजारचा एक जण बाबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "जाऊ दे रे विश्राम. हरलो तर हरलो, सुटलास तरी."

"गप बस!" बाबा एवढ्यानं ओरडले की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. हरल्याचं रडू होतं, का आणखी कसलं, सुगंधाला विचारवेना. तिचं स्वतःचं रडू तिनं दातांखाली धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून बाळा जेवायला यायचा बंद झाला. हो, बाळाही राण्यांच्याच खाणावळीत जेवायचा ना! त्याचं पान मांडलं जायचं आणि तसंच उचललं जायचं. जिन्यावर त्याचा आवाज नाही. बाबांना आता पळायची गरज नव्हती, तरी कोणाचं पाऊल वाजलं की ते दचकून टमरेलाकडे बघायचे आणि मग खट्टू होऊन पुन्हा पत्ते पिसायला लागायचे. दुसऱ्या पाळीला जाईपर्यंत गॅलरीत पत्ते, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. शाळेचा विषय कोणी काढला नाही. सुगंधा भाकऱ्या थापत होती. थाप, थाप, थाप. तिला वाटायचं, आपण इतक्या जोरात थापतोय की परातीला भोक पडेल.

एके दिवशी आईनं डबा भरून तिच्या हातात दिला. "जा, त्या बाळाला नेऊन दे. हरला म्हणून उपाशी मरायचं ही कुठली रीत?"

चार वाजून गेले होते. सुगंधाला वाटलं होतं, बाळादा कुठंतरी तोंड लपवून बसला असेल. कुठलं काय! मारुतीच्या मांडवात वर्ग भरलेला, आणि बाळा एका पोराला त्रैराशिक समजावत होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, पण वर्ग चालू. तिला बघून तो ओशाळला.

"काकीनं पाठवलंय?"

"हो. आणि डबा धुऊन परत हवाय."

बाळानं पोरांना गणित घातलं, बाजूला बसून डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला. दोन घास झाल्यावर खाली बघत म्हणाला, "सुगंधा, मला माफ कर गं. एवढ्या मोठमोठ्या टीमांचे चेंडू परतवले, आणि तुझा एक परतवता आला नाही."

इतके दिवस दातांखाली धरलेलं सगळं सुगंधाच्या तोंडात आलं. पण रडू होऊन नाही. ती चक्क चिडली!

"बाळादा, ही भाकरी कोणी केली?"

"काकीनं."

"मी. गेलं वर्षभर तू खातोस त्या सगळ्या मी करते. आईच्या मनगटानं आता पीठ मळवत नाही. तू रोज जेवून उठलास, रोज बाबांना विचारलंस, 'हिला शाळेत कधी घालताय?' देवालासुद्धा विचारलंस! मला एकदा तरी विचारलंस, नडतंय कुठं म्हणून? बाबा काही वाईट नाहीत. त्यांना उत्तर सापडत नाही म्हणून ते पळतात. तू जिंकला असतास ना, तरी सोमवारी भाकऱ्या कोणीतरी करायलाच लागल्या असत्या!"

एवढं बोलून तीच घाबरली. आपण एवढं मोठ्यानं बोललो? आणि ते पण कोणाला, तर बाळा मेस्त्रीला? मांडवातली सगळी पोरं त्रैराशिक सोडून आ वासून बघत होती.

बाळाच्या हातातला तुकडा हातातच होता. तो म्हणाला, "आमच्या घरात पाटी एकच होती. बहीण रत्नप्रभा माझ्याहून मोठी. हुशार म्हणजे किती, मास्तर वर्गात नसले की तीच वर्ग घ्यायची. पण पाटी एक, आणि गुरांकडे बघायला माणूस हवं. मग पाटी मला मिळाली आणि गुरं तिला. मी तिच्या पाटीवर शिकलो." त्यानं भाकरीकडे बघितलं. "आणि इतके दिवस तुझ्या भाकरीवर दुसऱ्यांना शिकवतोय. मला कळलंच नाही गं."

"आता कळलं ना?" सुगंधा म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "जेव आता. गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव आटोपून बाळा थेट चाळीत आला. बूट गळ्यात. बाबा गॅलरीत पत्ते वाटत होते, ते अर्धवट उठले. पण बाळानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ आत गेला, चुलीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकी, वाटण काय काय घालून वाटायचं?"

आईला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं आणि ती एवढी हसली, की तिला ठसका लागला. "तू वाटणार? अरे, तू गिरणीचा मोठा खेळाडू, पेपरात फोटो येतो तुझा!"

"सकाळी मला वेळ असतो. सराव ते हजेरी, मधला सगळा. भाकऱ्यापण शिकव. सुगंधा शाळेत जाईल तेव्हा तिच्या जागी मी."

बाबा दारात आले. तोंड लाल. "बाळा, ऊठ तिथून! हात लावू नको वरवंट्याला!"

"काका, मैदानात सगळे मला हेच सांगतात, हात लावू नको. इथं तरी लावू द्या."

"अरे, माझ्या घरी जेवणारा माणूस वाटण वाटणार, आणि मी घरचा धनी बाहेर बसून पत्ते खेळणार? चाळ शेण घालील माझ्या तोंडात!"

बाबांनी वरवंट्याचं एक टोक धरलं, दुसरं बाळाच्या हातात. गॅलरीत ही गर्दी! एका वरवंट्याला दोन दांडगे बाप्ये लोंबकळतायत, कोणी सोडत नाही. आणि तेवढ्यात आई म्हणाली. मोठ्यानं नाही, रोज 'मीठ द्या' म्हणावं तशी.

"मग पत्ते ठेवा."

बाबा थांबले.

"पाळी तीनला सुरू होते तुमची," आई म्हणाली. "सकाळभर काय करता हो तुम्ही?"

सुगंधा परातीशी बसली होती. तिनं हातसुद्धा हलवला नाही. बाबांनी आईकडे बघितलं. मग आईच्या मनगटाकडे. त्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि ते कधीपासून होतं हे बहुतेक त्यांना आत्ताच दिसत होतं. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "विश्राम, डाव अर्धो आसा रे!" त्यांनी मान वळवली नाही. त्यांनी बाळाच्या हातातून वरवंटा काढून घेतला, धोतर खोचलं आणि पाट्याशी बसले.

"वाटण मी. भाकऱ्यो तू शीक," ते बाळाला म्हणाले. "आणि कोणाक सांगशील तर याद राख." सांगायचं कोणाला? सगळी चाळ खिडकीत उभी होती.

पुढचे दिवस काय गेले म्हणता! बाळाची पहिली भाकरी पाहून आईनं देवाला हात जोडले. ती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि मध्ये भोक. पानावर बसलेल्या एका जेवणाऱ्यानं ती उलटसुलट केली आणि विचारलं, "काकी, बाळाच्या बुटाचा तळ निघाला वाटतं?" बाबांच्या वाटणात खोबऱ्याचे एवढाले तुकडे राहायचे, आणि मिरचीचा हात डोळ्याला लावून ते रोज एकदा तरी नाचायचे. आईनं दोघांना जराही सोडलं नाही. "पुन्हा! आणखी बारीक! हे काय, पीठ मळतोस की माणूस आडवा पाडतोस?" सुगंधाला वाटलं, आईला हे सगळं कधीचं येत होतं, फक्त ओरडायला कोणी मिळत नव्हतं.

जेवणाऱ्यांनी कुरकुर केली, नाही असं नाही. एक जण तर दुसऱ्या खाणावळीत गेला. पण बाकीचे राहिले, आणि त्यांनी आपली ताटं आपणच घासायला सुरुवात केली, कोणी न सांगता. लेफ्ट-बॅक भाकरी थापतोय म्हटल्यावर आपण नुसतं हात धुऊन उठायचं म्हणजे कसंतरीच वाटत असणार.

जूनमध्ये बाबा स्वतः सुगंधाला घेऊन हायस्कुलात गेले, इस्त्रीचा सदरा घालून. मुख्याध्यापिका विमलाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वडील काय करतात?"

"गिरणीत आसय," बाबा ताठ बसून म्हणाले. आणि मग, कोण जाणे काय वाटलं त्यांना, पुढे म्हणाले, "आणि सकाळी वाटण वाटतंय."

विमलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पण हसल्या नाहीत. "मुलीला पाठांतराला वेळ मिळेल ना घरी?" एवढंच विचारलं.

"मिळतलो," बाबा म्हणाले. "मी आसय."

बाहेर व्हरांड्यात नाव घालायला आलेली आणखी एक मुलगी उभी होती. प्रेमा तिचं नाव, शेजारच्याच गल्लीतली, वडील ऑफिसात कारकून. ती सुगंधाला म्हणाली, "पहिल्या दिवशी मी तुझ्यासाठी तुमच्या चाळीखाली थांबीन. एकटीला भीती वाटते." आणि सुगंधाला भयंकर बरं वाटलं, की तिला स्वतःला भीती वाटत नव्हती.

आणि तो पहिला दिवस उजाडला. दोन वेण्या, नवी कोरी वही, आणि आत चुलीशी रणधुमाळी! लाकडं ओली होती, धुरानं काही दिसत नव्हतं. बाळा खोकत खोकत तव्याशी झगडत होता, बाबा पाट्यावरून ओरडत होते, "उलट! उलट मेल्या, करपली!" आणि बाळा तिकडून, "काका, तुम्ही आपलं खोबरं बघा!"

सुगंधा दारात थबकली. वास तर करपल्याचाच येत होता. तिचे हात नुसते शिवशिवले. एकच भाकरी, फक्त एक उलटून द्यावी आणि मग जावं. तिनं वही खाली ठेवली.

"उचल ती!" आई म्हणाली. "त्यांची भाकरी त्यांना करपवू दे. तू चालू लाग."

सुगंधानं वही उचलली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली. खाली प्रेमा नाकाला रुमाल लावून वर बघत होती.

"अगं, केवढा धूर! कोणाचं काय जळलं?"

"काही नाही गं," सुगंधा म्हणाली आणि तिचा हात धरून भराभर चालायलाच लागली. "आमचा लेफ्ट-बॅक भाकरी भाजतोय. चल ना, घंटा होईल."